इंट अ‍ॅरेमध्ये स्ट्रिंग घेतली तरी प्रोग्राम चालतो कसा? सी मधल्या स्ट्रिंग इनपुटबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सी ही प्रोग्रामिंगची भाषा शिकताना अ‍ॅरे आणि स्ट्रिंग हे दोन धडे (पहिला एकाच टाइपच्या घटकांच्या सलग रांगेचा, दुसरा अक्षरांच्या माळेचा, म्हणजे मजकुराचा) लागोपाठ येतात आणि तिथेच हा गोंधळ सुरू होतो. अ‍ॅरे एका टाइपचा, स्ट्रिंग दुसऱ्या टाइपची, तरी आउटपुट बरोबर येतं आणि मग डोक्यात भलताच नियम बसतो. खालच्या सगळ्या उत्तरांत आपण एकच नाव वापरू, रोमन लिपीत लिहिलेलं सागर, म्हणजे एस, ए, जी, ए, आर अशी पाच अक्षरं, पहिलं कॅपिटल, बाकी लहान. कॉम्प्युटर साधा, इंट (पूर्णांकाचा टाइप) चार बाइटचा आणि पॉइंटर (मेमरीतला पत्ता ठेवणारा) आठ बाइटचा असं धरून चला, जिथे वेगळं असेल तिथे सांगितलंय.

मी चुकून इंट नाव[२०] असा अ‍ॅरे घेतला, स्कॅनएफला (इनपुट वाचणारं फंक्शन) %एस (म्हणजे स्ट्रिंग) दिलं, प्रिंटएफलाही (छापणारं फंक्शन) %एस दिलं, आणि नाव अगदी बरोबर छापलं गेलं. हे कसं काय?

कारण स्कॅनएफला तुमचा अ‍ॅरे इंटचा आहे हे कधी कळलंच नाही. त्याला मिळाला फक्त एक अ‍ॅड्रेस, अ‍ॅरे जिथे सुरू होतो तो. %एस चा अर्थ त्याच्यासाठी एवढाच, की सुरुवातीच्या स्पेस, टॅब, एंटर सोडून द्या, मग येणारं एकेक अक्षर एकेका बाइटमध्ये त्या अ‍ॅड्रेसपासून पुढे ठेवत जा, पुन्हा स्पेस किंवा एंटर आला की थांबा आणि शेवटी शून्य किमतीचा एक बाइट टाका. म्हणजे मेमरीत त्या अक्षरांचे ठरलेले क्रमांक ८३, ९७, १०३, ९७, ११४ आणि शेवटी ० असे सहा बाइट सलग बसले. पहिले चार पहिल्या इंटच्या जागेत, उरलेले दोन दुसऱ्या इंटच्या जागेत. आता प्रिंटएफ येतो, त्यालाही तोच अ‍ॅड्रेस मिळतो, तोही तिथून एकेक बाइट वाचत शून्य येईपर्यंत छापतो. लिहिणारा आणि वाचणारा दोघांनीही ती जागा कॅरची, म्हणजे एकेका बाइटच्या अक्षरांची समजून वापरली म्हणून नाव नीट दिसलं, तुम्ही वर इंट लिहिलं होतं त्याचा या दोघांशी संबंधच आला नाही.

मुळात मेमरीतल्या बाइटवर 'मी इंट आहे' किंवा 'मी कॅर आहे' असा शिक्का नसतो. टाइप असतो तो तुमच्या कोडमध्ये. कंपायलर (तुमच्या कोडपासून चालणारा प्रोग्राम बनवणारं टूल) त्यावरून ठरवतो की एका घटकाला किती बाइट द्यायचे, पुढच्या घटकावर जाताना किती बाइट उडी मारायची आणि तिथले बिट नंबर म्हणून कसे वाचायचे. प्रोग्राम रन होत असताना ही माहिती डेटासोबत फिरत नाही. एवढं एक पक्कं डोक्यात बसलं की खालचे बहुतेक प्रश्न आपोआप सुटतात.

पण मग कंपायलरने अडवायला नको होतं का?

स्कॅनएफ आणि प्रिंटएफच्या डिक्लेरेशनमध्ये फॉरमॅट स्ट्रिंगनंतर नुसते तीन टिंब असतात. म्हणजे पुढे कितीही आणि कुठल्याही टाइपची आर्ग्युमेंट येऊ शकतात, त्यामुळे भाषेच्या नेहमीच्या नियमाने टाइप जुळवून बघायला कंपायलरकडे काहीच नसतं. जीसीसी आणि क्लँग हे कंपायलर तरीही फॉरमॅट स्ट्रिंग स्वतः वाचून तपासतात आणि %एस ला कॅर पॉइंटर हवा होता, तुम्ही इंट पॉइंटर दिला अशी वॉर्निंग देतात. क्लँग ती आपणहून देतो, जीसीसीमध्ये -वॉल हा ऑप्शन लावा, म्हणजे नक्की दिसेल. वॉर्निंग म्हणजे एरर नाही, एक्झिक्युटेबल फाइल तयार होते आणि रनही होते, म्हणून बरेच जण तिकडे बघतच नाहीत. कृपया बघा. सी मध्ये एररपेक्षा वॉर्निंग जास्त मोलाची असते असं माझं ठाम मत आहे, कारण एरर आली तर प्रोग्राम बनतच नाही, वॉर्निंगवाला प्रोग्राम मात्र बनतो आणि नंतर कधीतरी बिघडतो.

तेच नाव तुम्ही स्ट्रलेन (लांबी मोजणारं फंक्शन) किंवा स्ट्रकॉपीला (स्ट्रिंग कॉपी करणारं फंक्शन) दिलंत तर गोष्ट वेगळी. त्यांच्या डिक्लेरेशनमध्ये कॅर पॉइंटर स्पष्ट लिहिलेला असतो, त्यामुळे टाइप जुळत नाही हे लगेच पकडलं जातं. जुन्या जीसीसीत याचीही नुसती वॉर्निंग यायची, २०२४ मध्ये आलेल्या जीसीसी १४ पासून ती सरळ एरर झाली आहे. त्यामुळे जुना कोड नव्या कंपायलरवर एकदम अडला तर घाबरू नका, चूक आधीपासूनच होती.

चालतंय ना, मग बदलायचं कशाला?

सी च्या स्टँडर्डमध्ये लिहिलंय की %एस ला दिलेला पॉइंटर कॅरेक्टर अ‍ॅरेच्या पहिल्या घटकाचाच हवा, आणि ज्या ऑब्जेक्टमध्ये उत्तर ठेवायचं त्याचा टाइप योग्य नसेल तर पुढे काय होईल याची हमी नाही. यालाच अनडिफाइन्ड बिहेव्हियर म्हणतात. बरोबर चालणं हाही त्यातलाच एक शक्य परिणाम, म्हणून 'माझ्याकडे चाललं' हा पुरावा होत नाही. आज ज्या मशीनवर, ज्या कंपायलरवर नाव नीट छापलं त्यांनी तसं वागण्याचं कुठलंही वचन तुम्हाला दिलेलं नाही.

मी इंट काढून कॅर नाव[२०] असं बरोबर करून टाकलं, तर आता प्रोग्राम क्रॅश व्हायला लागला! आधीचंच बरं होतं का?

हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण इथूनच 'इंट घेतलं की सेफ' असा समज पसरतो.

इंट नाव[२०] म्हणजे २० गुणिले ४, एकूण ८० बाइट. त्यात ७९ अक्षरं आणि शेवटचा शून्य बाइट आरामात मावतो. कॅर नाव[२०] म्हणजे बरोबर २० बाइट, त्यात १९ अक्षरं. तुम्ही ३० अक्षरांचं काहीतरी टाइप करत होता, ते इंटच्या ८० बाइटमध्ये मावत होतं, आता २० बाइटमध्ये मावत नाही आणि ११ बाइट बाहेर सांडतात. बाहेर काय आहे ते कंपायलरने शेजारी काय ठेवलंय त्यावर अवलंबून. कधी दुसरा व्हेरिएबल बदलतो, कधी फंक्शन संपताना 'स्टॅक स्मॅशिंग डिटेक्टेड' असा मेसेज येऊन प्रोग्राम बंद पडतो, कधी वरवर काहीच होत नाही आणि ते तर सगळ्यात वाईट.

म्हणजे टाइप दुरुस्त केल्यामुळे बिघाड आला नाही. लांबीवर मर्यादा नाही हा दोष पहिल्यापासून होता, चारपट जागेमुळे तो झाकला गेला होता, ८० अक्षरं टाइप केली असती तर इंट अ‍ॅरेही फुटलाच असता. उपाय दोन भागांत आहे. टाइप कॅर ठेवा आणि %एस मध्ये आकडा टाका, म्हणजे %१९एस. अ‍ॅरेच्या साइजपेक्षा एक कमी, कारण शेवटच्या शून्य बाइटची जागा या आकड्यात धरलेली नसते. ज्यांना जास्त लांबीचं नाव हवंय त्यांनी कॅर नाव[१००] आणि %९९एस करा, टाइपशी खेळू नका.

इथे एक सांगायलाच हवं. अ‍ॅड्रेस सॅनिटायझर हे टूल अशा सांडण्याला छान पकडतं, पण इंट अ‍ॅरेत स्ट्रिंग ठेवण्याला नाही, कारण ८० बाइटच्या आतच लिहिलंय तोपर्यंत त्याच्या दृष्टीने सगळं ठीक असतं. म्हणून टूल काही बोललं नाही म्हणजे कोड बरोबर, असं धरू नका.

नाव[०] ला %डी ने, म्हणजे पूर्णांक म्हणून प्रिंट केलं तर १६३४१६५०७५ आलं. हा नंबर कुठून आला?

तो सागरमधल्या पहिल्या चार अक्षरांचाच आहे. बहुतेक पीसी आणि मोबाइल लिटल एंडियन असतात, म्हणजे इंटचा सगळ्यात हलका बाइट मेमरीत आधी येतो. मग हिशोब असा, ८३ अधिक ९७ गुणिले २५६ अधिक १०३ गुणिले ६५५३६ अधिक ९७ गुणिले १६७७७२१६. बेरीज करा, १६३४१६५०७५ च येते. हेच चार बाइट बिग एंडियन मशीनवर उलट्या क्रमाने मोजले जातात आणि नंबर येतो १३९८८९२३८५. बाइट तेच, वाचण्याची पद्धत वेगळी.

नाव[१] मध्ये काय दिसेल? अ‍ॅरे आधी शून्याने भरलेला असेल तर ११४, म्हणजे आर. भरलेला नसेल तर त्या इंटच्या वरच्या दोन बाइटमध्ये जो जुना कचरा असेल तो मिसळून काहीही. हा हिशोब एकदा स्वतः कागदावर करून बघाच, मेमरी कशी असते हे त्यातून जितकं कळतं तितकं वाचून कळत नाही.

लूप लावून नाव[०], नाव[१], नाव[२] असं %सी ने, म्हणजे एकेक अक्षर म्हणून छापलं तर एस आणि आर एवढंच आलं, मधली अक्षरं कुठे गेली?

कुठेच गेली नाहीत, तुम्ही त्यांच्यावरून उडी मारली. इंट अ‍ॅरेत इंडेक्स एकने वाढला की अ‍ॅड्रेस चार बाइटने पुढे सरकतो आणि %सी त्या इंटचा फक्त सगळ्यात हलका बाइट दाखवतो. म्हणून पहिलं अक्षर, पाचवं अक्षर, नववं अक्षर असं दिसतं. जुन्या १६ बिट कंपायलरवर इंट दोन बाइटचा असायचा, तिथे हाच लूप एस, जी, आर छापतो. %एस ने बरोबर आणि %सी ने चूक, असं एकाच अ‍ॅरेत दिसलं की समजायचं टाइप जुळत नाहीये.

पण एकेक अक्षर वाचणारं गेटकॅर हे फंक्शन तर इंटच देतं ना? मग इंट अ‍ॅरे घेणं बरोबर नाही का?

गेटकॅर इंट देतो कारण त्याला सगळी शक्य अक्षरं परत करायची असतात आणि शिवाय इनपुट संपलं हे सांगायला ईओएफ नावाची एक ऋण किंमत वेगळी ठेवायची असते, ती बहुतेक ठिकाणी उणे एक असते. म्हणून ज्या एका व्हेरिएबलमध्ये तुम्ही गेटकॅरचं उत्तर घेता तो इंट हवाच. तो कॅर केलात तर एआरएम लिनक्ससारख्या ठिकाणी, जिथे कॅर अनसाइन्ड असतो, ईओएफशी तुलना कधीच खरी होत नाही आणि लूप थांबत नाही. पण ईओएफ नाही हे तपासून झालं की मग ते अक्षर ठेवायचं कॅर अ‍ॅरेमध्येच.

कोणी प्रत्येक अक्षर इंट अ‍ॅरेच्या वेगवेगळ्या घटकात ठेवलं तर ते बेकायदेशीर नाही, फक्त ती सी ची स्ट्रिंग राहत नाही. मेमरी अशी होते, ८३, ०, ०, ०, ९७, ०, ०, ० आणि पुढे तसंच. %एस ने छापलं की पहिल्या एस नंतर लगेच शून्य बाइट लागतो आणि फक्त एस दिसतो. बिग एंडियन मशीनवर तर पहिलाच बाइट शून्य, म्हणजे काहीच दिसणार नाही. बघा, इथे मागच्या प्रश्नाच्या अगदी उलट झालं, %सी चा लूप बरोबर आणि %एस चूक.

फ्लोट किंवा डबलचा (दशांश संख्यांचे टाइप) अ‍ॅरे घेतला तर?

तसंच. बाइट बसतात, %एस ने परत येतात. %एफ ने बघितलंत तर सागरचे पहिले चार बाइट फ्लोट म्हणून साधारण २.६७ गुणिले दहाचा २० वा घात एवढे भरतात, त्या आकड्याला काही अर्थ नाही.

कॅर स्टार नाव[१०] घेतलं, स्कॅनएफला नाव दिलं, %एस ने नाव छापलं तर आलं, पण नाव[०] छापलं की सेगमेंटेशन फॉल्ट. असं का?

हा दहा पॉइंटरचा अ‍ॅरे आहे, अक्षरांचा नाही. स्कॅनएफने सागर ही अक्षरं पहिल्या पॉइंटरच्या स्वतःच्या आठ बाइटमध्येच लिहून टाकली. नाव छापताना तेच बाइट वाचले गेले म्हणून दिसलं. नाव[०] छापताना मात्र त्या अक्षरांनाच अ‍ॅड्रेस समजून प्रोग्राम तिथे वाचायला गेला, तो पत्ता तुमच्या प्रोग्रामचा नाही, ऑपरेटिंग सिस्टिमने थांबवलं. पॉइंटरच्या अ‍ॅरेत नावं हवी असतील तर आधी प्रत्येक पॉइंटरला मॅलॉकने जागा द्या, नाहीतर सरळ कॅर नावं[१०][२०] असा दोन मितींचा अ‍ॅरे घ्या आणि स्कॅनएफला नावं[आय] द्या. शिकत असाल तर दुसरा मार्गच घ्या.

नुसता कॅर स्टार नाव घेऊन जागा न देता स्कॅनएफ करणं त्याहून धोक्याचं, कारण त्या पॉइंटरमध्ये आधीचा जो काही कचरा असेल त्या पत्त्यावर अक्षरं लिहिली जातात.

कॅर नावं[१०] मध्ये दहा नावं घ्यायची होती, लूपमध्ये &नावं[आय] दिलं, सगळी नावं एकमेकांत मिसळली.

कॅर नावं[१०] मध्ये दहा अक्षरं मावतात, दहा नावं नाही. पहिल्यांदा सागर शून्याव्या बाइटपासून बसलं, दुसऱ्यांदा नेहा पहिल्या बाइटपासून बसलं, म्हणजे सागरच्या एस नंतरचं सगळं पुसून. आता &नावं[०] छापलं तर एस च्या मागे नेहा चिकटून येतं. उपाय वरचाच, दोन मितींचा अ‍ॅरे.

एका कॅर व्हेरिएबलला %एस देणारेही भेटतात, 'एकच तर अक्षर घ्यायचंय' म्हणून. एक अक्षर दिलं तरी शून्य बाइट धरून दोन लिहिले जातात, एक बाहेर जातो. तिथे %सी वापरा, आणि त्याच्या आधी एक स्पेस ठेवा म्हणजे मागचा एंटर गिळला जाईल.

उलटं केलं तर? म्हणजे कॅर वय आणि स्कॅनएफला %डी?

हे जास्त वाईट. %डी ला वाटतं समोर इंट आहे, तो चार बाइट लिहितो, तुमच्याकडे जागा एक बाइटची. वय २५ टाकलं तर लिटल एंडियनवर पहिल्या बाइटमध्ये २५ बसतं आणि पुढचे तीन बाइट शून्य होतात. वय छापलं की २५ दिसतं, म्हणून या ओळीवर कोणाचा संशय जात नाही, आणि शेजारच्या नाव नावाच्या अ‍ॅरेची पहिली तीन अक्षरं शून्य झाली तर नाव रिकामं छापलं जातं. मग माणूस तासन्‌तास नाव वाचणाऱ्या ओळीकडे बघत बसतो, दोष असतो वयाच्या ओळीत. खरंच लहान इंटिजर हवा असेल तर %एचएचडी आहे, तो एकच बाइट लिहितो.

स्कॅनएफला &नाव दिलं तरी चालतं आणि नुसतं नाव दिलं तरी चालतं, बरोबर कुठलं?

नुसतं नाव. अ‍ॅरेचं नाव फंक्शनला दिलं की त्याचा आपोआप पहिल्या घटकाचा पॉइंटर होतो. &नाव चा अ‍ॅड्रेस तोच असतो, पण टाइप 'वीस कॅरच्या अख्ख्या अ‍ॅरेचा पॉइंटर' असा होतो, म्हणजे पुन्हा टाइप न जुळण्याचीच तक्रार. आणि नाव जर पॉइंटर असेल तर &नाव म्हणजे पॉइंटरचा स्वतःचा पत्ता, तिथे चालण्याचा आभासही फार टिकत नाही.

नाव[०] = "सागर" असं लिहिलं तर वॉर्निंग आली, प्रिंट करताना क्रॅश झालं.

दुहेरी अवतरणातली स्ट्रिंग इथे तिचा अ‍ॅड्रेस बनते आणि तो अ‍ॅड्रेस तुम्ही एका इंटमध्ये कोंबताय. आठ बाइटचा पत्ता चार बाइटमध्ये अर्धा कापला जातो. ३२ बिट मशीनवर दोन्ही चार बाइटचे असायचे म्हणून असला कोड चालून जायचा. जीसीसी १४ मध्ये हीसुद्धा एररच आहे. स्ट्रिंग कॉपी करायला स्ट्रकॉपी, आणि जागा कॅरची.

मुळात सी असं का बनवलंय, टाइप तपासत का नाही?

सी च्या आधीची बी ही भाषा, तिच्यात टाइप नव्हतेच, सगळं एकाच मापाच्या वर्डमध्ये. बेल लॅब्जमध्ये पीडीपी-११ हे मशीन आलं, त्यात प्रत्येक बाइटला स्वतंत्र पत्ता होता, आणि १९७० नंतरच्या त्या दोन-तीन वर्षांत डेनिस रिची यांनी कॅर आणि इंट हे वेगळे टाइप आणत सी घडवली. स्ट्रिंग हा वेगळा टाइप तेव्हाही केला नाही, कॅरचा अ‍ॅरे आणि शेवटी शून्य एवढाच करार ठेवला. करार पाळायची जबाबदारी प्रोग्राम लिहिणाऱ्यावर आली. इनपुटची ओळ वाचणाऱ्या गेट्स या फंक्शनला तर जागा किती आहे हे सांगायची सोयच नव्हती, १९८८ च्या मॉरिस वर्मने (इंटरनेटवर आपोआप पसरलेला घातक प्रोग्राम) फिंगर सर्व्हरमधल्या (वापरकर्त्यांची माहिती देणारी सेवा) नेमक्या त्याच कमजोरीचा फायदा घेतला, आणि शेवटी २०११ च्या स्टँडर्डमधून गेट्स काढूनच टाकलं.

मला मुद्दाम इंट अ‍ॅरेमध्ये अक्षरांचे बाइट ठेवायचे आहेत, उदाहरणार्थ फाइल फॉरमॅटसाठी. काही नियमात बसणारा मार्ग आहे का?

आहे, मेमकॉपी. आधी कॅर अ‍ॅरेत नीट वाचा, मग मेमकॉपीने बाइट इंट अ‍ॅरेत हलवा. कुठल्याही ऑब्जेक्टचे बाइट कॅर पॉइंटरने बघायची परवानगी स्टँडर्ड देतं. उलट दिशेने मात्र नाही, कॅर अ‍ॅरेचा पत्ता इंट पॉइंटरमध्ये टाकून वाचणं हे अलायसिंगच्या नियमात (एका टाइपची मेमरी दुसऱ्याच टाइपच्या पॉइंटरने वाचू नये) बसत नाही, ऑप्टिमायझेशन लावलं की उत्तर बदलू शकतं, शिवाय तो पत्ता चारच्या पटीत नसेल तर काही मशीनवर प्रोग्राम बंद पडतो.

मग रोजच्या वापरात स्ट्रिंग इनपुट कसं घ्यायचं?

एफगेट्स वापरा. त्याला अ‍ॅरे, साइज आणि एसटीडीइन (कीबोर्डवरून येणारं इनपुट) द्या, साइजच्या जागी साइजऑफ नाव (म्हणजे नाव ने व्यापलेले एकूण बाइट) लिहा. स्पेससकट पूर्ण ओळ येते, साइजच्या बाहेर लिहिलं जात नाही, आणि पहिलं आर्ग्युमेंट कॅर पॉइंटर आहे हे डिक्लेरेशनमध्येच असल्यामुळे इंट अ‍ॅरे दिला की कंपायलर लगेच ओरडतो. शेवटचा एंटर सोबत येतो, तो स्ट्रसीस्पॅनने शोधून शून्य करा. एक काळजी घ्या, नाव हे फंक्शनचं पॅरामीटर असेल तर ते पॉइंटर असतं आणि साइजऑफ नाव आठ देतं, अशा वेळी साइज वेगळी पाठवा.

मराठीत, म्हणजे देवनागरीत सागर टाइप केलं तर कॅर अ‍ॅरेत मावेल का?

टर्मिनल यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं बाइटमध्ये मांडायची पद्धत) असेल तर देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं, आणि काना, मात्रा, वेलांटी, हलन्त ही सगळी स्वतंत्र चिन्हं धरली जातात. सागर म्हणजे स, काना, ग, र अशी चार चिन्हं, १२ बाइट, शून्य धरून १३. डोळ्यांना तीन अक्षरं दिसतात, स्ट्रलेन १२ सांगतं, आणि कॅर नाव[१०] मध्ये ते मावत नाही. %९एस दिलंत तर र गळून साग एवढंच राहील, %१०एस दिलंत (त्याला निदान ११ बाइटची जागा हवी) तर र चा एक सुटा बाइट मागे राहून टर्मिनलवर प्रश्नचिन्हासारखं काहीतरी दिसेल.

डब्ल्यूकॅर-टी (एका बाइटपेक्षा मोठ्या अक्षरांचा टाइप) चा अ‍ॅरे हा दुसरा मार्ग, लिनक्सवर त्याचा एक घटक चार बाइटचा आणि विंडोजवर दोन बाइटचा. पण तिथे साधा %एस दिलात तर तुम्ही पुन्हा पहिल्याच प्रश्नावर आलात, अक्षरं एकेका बाइटने बसतील आणि घटकनिहाय वाचताना कचरा दिसेल. तिथे %एलएस लागतं आणि प्रोग्रामच्या सुरुवातीला सेटलोकेल (भाषेची सेटिंग लावणारं फंक्शन). नावं नुसती वाचायची, साठवायची आणि छापायची असतील तर कॅर अ‍ॅरेच ठेवा, फक्त चिन्हांच्या तिप्पट अधिक एक एवढी जागा धरा.